दिसते तसे नसते : स्पॅनिश शब्दांची सोपी वाट आणि तिच्यावरचे खड्डे

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपण माणसांच्या बाबतीत नेहमी वापरतो. शब्दांच्या बाबतीतही ती तितकीच खरी आहे. आजाराच्या प्रसंगी तर एका शब्दाने फसगत झाली, तर तिची किंमत पैशांत मोजता येत नाही.

वाचकहो, आरोग्याच्या सदरात आज स्पॅनिश भाषेचा विषय पाहून तुम्हाला नवल वाटेल. पण गेल्या काही वर्षांत दवाखान्यात येणारे अनेक ज्येष्ठ नागरिक मुला-नातवंडांकडे अमेरिकेला जाऊन येतात. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा या राज्यांत शेजारी, दुकानदार, बसचालक स्पॅनिश बोलणारे भेटतात. अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरात स्पॅनिश बोलतात. आपल्याकडची तरुण मुले जहाजांवर, हॉटेलांत, परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांत नोकरीला लागतात आणि स्पॅनिश येत असेल तर त्यांना पुढे वाव मिळतो. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला मध्यंतरी विचारले, ‘डॉक्टर, या वयात नवी भाषा डोक्यात शिरेल का? आणि शिरली तर डोक्याला काही फायदा?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याचा आज प्रयत्न करतो. त्याबरोबर एक सावधगिरीची सूचनाही द्यायची आहे.

ओळखीचे चेहरे का दिसतात?

ज्याला थोडेफार इंग्रजी येते, त्याला स्पॅनिशचे हजारो शब्द जवळजवळ फुकट मिळतात. याला कारण इतिहास आहे. स्पॅनिश ही प्राचीन रोमच्या लॅटिन भाषेची लेक. इंग्रजीचे मूळ कूळ वेगळे, जर्मन भाषेच्या बाजूचे. पण १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातून आलेल्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर दरबार, न्यायालय, स्वयंपाकघर अशा सगळीकडे फ्रेंच शब्द शिरले. फ्रेंच हीसुद्धा लॅटिनचीच मुलगी. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून शब्द उचलले. त्यामुळे आज इंग्रजीतील निम्म्याहून अधिक शब्द लॅटिन किंवा फ्रेंच मार्गाने आलेले आहेत. मराठी, गुजराती आणि बंगाली माणसाला एकमेकांच्या वर्तमानपत्रांतले संस्कृत शब्द ओळखीचे वाटतात ना, तोच हा प्रकार.

वैद्यकाच्या शब्दांत तर हे साम्य फारच मोठे आहे, कारण युरोपातल्या सगळ्याच भाषांनी वैद्यकाची परिभाषा लॅटिन आणि ग्रीकमधून घेतली. मधुमेहाला स्पॅनिशमध्ये ‘दियाबेतेस’ म्हणतात, दम्याला ‘आस्मा’, कर्करोगाला ‘कान्सेर’, ॲलर्जीला ‘आलेर्खिया’, पेनिसिलीनला ‘पेनिसिलिना’, जुलाबांना ‘दियारेया’. डॉक्टर म्हणजे ‘दोक्तोर’ आणि हॉस्पिटल म्हणजे ‘ओस्पिताल’. यातला एकही शब्द घोकावा लागणार नाही.

शब्दांच्या किल्ल्या

सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा काही नियम ध्यानात ठेवले, तर एका किल्लीने पन्नास कुलपे उघडतात.

१) इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘शन’ असेल, तर स्पॅनिशमध्ये बहुधा ‘सियोन’ येते. ऑपरेशनचे ‘ओपेरासियोन’, इन्फेक्शनचे ‘इन्फेक्सियोन’, इंजेक्शनचे ‘इन्येक्सियोन’. ही एकच किल्ली शेकडो शब्द देते.

२) शेवटी ‘टी’ असेल तर ‘दाद’. युनिव्हर्सिटीचे ‘उनिबेर्सिदाद’, ओबेसिटी म्हणजे लठ्ठपणाचे ‘ओबेसिदाद’, मॅटर्निटीचे ‘मातेर्निदाद’.

३) शेवटी ‘अस’ असा उच्चार असलेली विशेषणे ‘ओसो’ होतात. फेमसचे ‘फामोसो’, नर्व्हसचे ‘नेर्बियोसो’, कंटेजियस म्हणजे संसर्गजन्य याचे ‘कोन्ताखियोसो’.

४) ‘लॉजी’चे ‘लोखिया’ आणि ‘इस्ट’चे ‘इस्ता’. कार्डिऑलॉजीचे ‘कार्दियोलोखिया’, डेंटिस्टचे ‘देन्तिस्ता’.

५) शेवटी ‘ल’ असलेले बरेच शब्द लिहिताना जसेच्या तसे राहतात. ॲनिमल ‘आनिमाल’ होतो, नॉर्मल ‘नोर्माल’ होतो. फक्त उच्चार बदलतो.

अपवाद अर्थातच आहेत. ॲसिडिटीचे ‘आसिदिदाद’ होईल असे वाटते, पण स्पॅनिश माणूस ‘आसिदेस’ म्हणतो. डोक्याला ‘काबेसा’ आणि रोगाला ‘एन्फेर्मेदाद’ म्हणतात. ते इंग्रजीच्या जोरावर ओळखता येत नाहीत, ते शिकावेच लागतात.

आणखी एक गंमत पाहा. आपल्याकडची साधी माणसे स्कूलला ‘इस्कूल’ आणि स्टेशनला ‘इस्टेशन’ म्हणतात. स्पॅनिश माणसालाही शब्दाच्या आरंभी ‘स’ला जोडलेले व्यंजन जड जाते, म्हणून तो पुढे ‘ए’ लावतो. शाळा म्हणजे ‘एस्कुएला’, पोट म्हणजे ‘एस्तोमागो’. ‘माझे पोट दुखते’ हे ‘मे दुएले एल एस्तोमागो’ असे म्हणतात. दुखण्याला ‘दोलोर’ म्हणतात.

मराठी माणसाची जास्तीची पुंजी

इंग्रज माणसाला स्पॅनिश उच्चारांचा त्रास होतो. आपल्याला होत नाही. स्पॅनिशचे त आणि द आपल्या त आणि द सारखेच दातांजवळ उच्चारले जातात, इंग्रजीसारखे ट आणि ड नाहीत. स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ, आणि ते नेहमी एकसारखेच उच्चारतात. शब्दारंभीचा ‘एच’ मुका असतो, ‘जे’ या अक्षराचा उच्चार ख च्या जवळचा घशातून होतो. म्हणून डोळ्याला ‘ओखो’ म्हणतात. खुद्द स्पेनमध्ये काही ठिकाणी स च्या जागी थ ऐकू येतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. देवनागरीत लिहून घेतलेला स्पॅनिश शब्द बऱ्यापैकी बरोबर वाचला जातो.

दुसरी पुंजी आपल्या स्वतःच्या शब्दांची आहे. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आणि गोवा, वसई, चौल भागांतून पोर्तुगीज शब्द मराठीत कधीच स्थायिक झाले आहेत. आपला ‘पगार’ पोर्तुगीज ‘पगार’ म्हणजे ‘पैसे देणे’ यातून आला. स्पॅनिशमध्येही पैसे देणे म्हणजे ‘पागार’च. पाव तिथे ‘पान’, पपई ‘पापाया’, तंबाखू ‘ताबाको’. साखरेला ‘आसुकार’ म्हणतात. हा शब्द आपल्या संस्कृत ‘शर्करा’पासून फारसी-अरबीच्या वाटेने स्पेनला पोहोचला. खोकल्याच्या औषधाचे जे सिरप, त्याला ‘खाराबे’ म्हणतात आणि तो ज्या अरबी धातूचा, त्याच धातूचे आपले ‘सरबत’. संस्कृत आणि लॅटिन यांचे दूरचे नाते असल्यामुळे दात म्हणजे ‘दिएन्ते’ हे ऐकताच आपल्याला ‘दंत’ आठवतो आणि नाक म्हणजे ‘नारीस’ ऐकून ‘नासिका’.

आता खड्डे

इथपर्यंतचा रस्ता गुळगुळीत आहे. पण याच रस्त्यावर असे शब्द भेटतात, की चेहरा ओळखीचा आणि माणूस निराळाच. भाषातज्ज्ञ अशा शब्दांना ‘खोटे मित्र’ म्हणतात. आरोग्याशी संबंधित असे काही खोटे मित्र मी इथे देतो. परदेशी जाणाऱ्यांनी कात्रण जपून ठेवावे.

एम्बारासादा : इंग्रजी ‘एम्बरॅस्ड’ म्हणजे ओशाळलेली, लाजलेली असे वाटते. अर्थ आहे गरोदर. एखाद्या बाईने ‘मला संकोच वाटतो’ या अर्थाने हा शब्द वापरला, तर डॉक्टर तिचे अभिनंदन करतील. उलट प्रकार झाला तर हसण्यावारी नेता येणार नाही. गरोदर बाई स्वतःची अवस्था सांगत असताना ऐकणाऱ्याने ‘ती लाजते आहे’ असे समजून तिचा एक्स-रे काढला किंवा गरोदरपणात वर्ज्य असलेले औषध दिले, तर?

कोन्स्तिपादो : इंग्रजी जाणणारा लगेच बद्धकोष्ठ समजेल. स्पेनमध्ये ‘मी कोन्स्तिपादो आहे’ म्हणजे ‘मला सर्दी झाली आहे’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ दाबून भरणे, कोंदणे. इंग्रजांनी तो पोटाला लावला, स्पेनवाल्यांनी नाकाला. लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी मात्र तो पोटालाच लावतात. म्हणून नुसता शब्द ऐकून रेचक देऊ नये. नाक की पोट, हे विचारावे.

ग्रीपे : लिहिताना हा शब्द आपल्या ‘ग्राइप वॉटर’मधल्या ‘ग्राइप’सारखाच लिहितात. इंग्रजीत ग्राइप म्हणजे पोटातला मुरडा. स्पॅनिशमध्ये ग्रीपे म्हणजे इन्फ्लुएंझा, फ्लूचा ताप.

द्रोगा : इंग्रजी ‘ड्रग’ म्हणजे औषधही आणि नशेचा पदार्थही. बोलण्यातल्या स्पॅनिशमध्ये ‘द्रोगा’ म्हटले की बहुधा नशाच डोळ्यांपुढे येते. ‘तुम्ही कोणती द्रोगा घेता?’ असे विचारल्यास सभ्य माणूस रागावेल. औषधाला ‘मेदिसिना’ किंवा ‘मेदिकामेन्तो’ म्हणावे.

मोलेस्तार : इंग्रजीत ‘मोलेस्ट’ हा विनयभंगाचा शब्द. स्पॅनिशमध्ये अर्थ केवळ ‘त्रास देणे’. रोगी ‘पोट मोलेस्ता करते’ म्हणाला, तर पोटात अस्वस्थ वाटते एवढेच.

इन्खूरिया : इंग्रजी ‘इंज्युरी’ म्हणजे इजा. स्पॅनिशमध्ये अर्थ अपमान, शिवीगाळ. जखमेला ‘एरिदा’ म्हणतात.

पारियेन्ते : पेरेंट, म्हणजे आई-वडील असे वाटेल. अर्थ आहे कोणताही नातेवाईक. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करणारा ‘पारियेन्ते’ काका असेल, मेहुणा असेल. आई-वडिलांना ‘पाद्रेस’ म्हणतात.

सानो : ‘सेन’ म्हणजे डोके ठिकाणावर असलेला असे नव्हे. सानो म्हणजे निरोगी.

सेन्सिब्ले : ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस नव्हे. संवेदनशील, हळवा. ‘सेन्सिब्ले’ त्वचा म्हणजे नाजूक त्वचा.

प्रेसेर्बातीबो : डबाबंद पदार्थ टिकवण्यासाठी घातलेला ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ नव्हे. याचा अर्थ निरोध. दुकानात जाऊन लोणच्यात हे आहे का, असे विचारू नका.

एक्सितो : दवाखान्यात ‘एक्झिट’ शोधणाऱ्याला हा शब्द चकवतो. अर्थ आहे यश. बाहेरच्या दाराला ‘सालिदा’ म्हणतात.

रेसेता : ही ‘रिसीट’ म्हणजे पावती नव्हे. डॉक्टरांनी लिहिलेली औषधाची चिठ्ठी. हाच शब्द पाककृतीलाही वापरतात. औषधाच्या चिठ्ठीच्या माथ्यावर डॉक्टर ‘आर’ अक्षराला तिरपी रेघ मारून जे चिन्ह काढतात, तेही त्याच लॅटिन धातूतून आलेले. त्याचा अर्थ ‘घे’.

एका शब्दाची किंमत

हे सगळे गमतीचे वाटत असेल, तर १९८० साली फ्लोरिडात घडलेली हकीकत ऐका. ती वैद्यकीय दुभाष्यांच्या प्रशिक्षणात आजही सांगितली जाते.

अठरा वर्षांचा एक धडधाकट, बेसबॉल खेळणारा तरुण. घराणे क्यूबातून आलेले. अचानक त्याचे डोके भयंकर दुखू लागले आणि थोड्याच वेळात तो बेशुद्ध झाला. घरच्यांनी रुग्णालयात नेले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये बोलताना त्यांच्या तोंडून शब्द गेला ‘इन्तोक्सिकादो’. क्यूबाच्या बोलीत याचा अर्थ असा, की काहीतरी खाण्यापिण्यातून बाधले, विषबाधेसारखे झाले. मुलाने बाहेर काही खाल्ले होते, त्याचा त्यांना संशय होता.

ऐकणाऱ्या डॉक्टरांच्या कानांत मात्र इंग्रजी ‘इंटॉक्सिकेटेड’ शिरला, म्हणजे नशेत असलेला. त्यांनी निदान केले की पोराने नशेचे औषध जास्त प्रमाणात घेतले आहे, आणि त्या दिशेने उपचार सुरू झाले. खरे म्हणजे मुलाच्या लहान मेंदूत रक्तस्राव झाला होता. हे लक्षात येईपर्यंत दोन दिवस निघून गेले. मेंदूतला रक्तस्राव वेळेत ओळखून शस्त्रक्रिया झाली असती, तर त्याच्या चालण्याफिरण्याची आशा होती. तो वाचला, पण दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. पुढे खटला झाला आणि तडजोडीत ठरलेली रक्कम, तो पुढे जगेल तितकी वर्षे हिशेबात धरून, सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर्सपर्यंत जाणारी होती.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. तिथे कोणीही दुभाष्या बोलावला नाही. कारण डॉक्टरांना वाटले, आपल्याला समजले. घरच्यांनाही वाटले, आपण सांगितले ते समजले. शब्द अगदीच अनोळखी असता, तर कोणीतरी विचारले असते, ‘म्हणजे काय हो?’ ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही, तो आपण विचारतो. कळला असे वाटणारा शब्द मात्र न विचारताच पुढे जातो. धोका तिथेच आहे.

‘एकदा’ की ‘अकरा’?

बोलण्यात जे घडले, ते लिहिण्यातही घडते. इंग्रजीत ‘दिवसातून एकदा’ यासाठी ‘वन्स’ हा शब्द ओ-एन-सी-ई अशा चार अक्षरांनी लिहितात. स्पॅनिशमध्ये हीच चार अक्षरे याच क्रमाने ‘ओन्से’ अशी वाचतात आणि अर्थ होतो अकरा! औषधाच्या बाटलीवरचा मजकूर अर्धा स्पॅनिशमध्ये आणि मधला एवढाच शब्द इंग्रजीत राहिला, तर स्पॅनिश माणूस रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी दिवसातून अकरा वेळा घ्यायची असे वाचेल.

ही कल्पनेतली भीती नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील औषध दुकाने संगणकाच्या मदतीने स्पॅनिश लेबले कशी छापतात, याची पाहणी २०१० साली बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तपासलेल्या लेबलांपैकी निम्म्या लेबलांत चुका आढळल्या. काही शब्द इंग्रजीतच राहिलेले होते, काहींची अक्षरे चुकलेली. आजकाल मोबाइल फोनवर भाषांतराची सोय असते. पत्ता विचारायला, भाजी घ्यायला ती उत्तम आहे. औषधाचा डोस मात्र केवळ तिच्या भरवशावर ठेवू नये.

आपल्या गावातले खोटे मित्र

अशी फसगत व्हायला फ्लोरिडापर्यंत जावे लागत नाही. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड, हे आपण जाणतो. पण ‘जुलाब’ हा शब्द घ्या. मराठीत जुलाब म्हणजे पातळ शौचाला होणे. हिंदी कोशात ‘जुलाब’ म्हणजे रेचक, पोट साफ करण्याचे औषध. उत्तरेकडून आलेल्या कामगाराने औषधाच्या दुकानात ‘जुलाब चाहिए’ म्हटले आणि दुकानदाराने जुलाब थांबवण्याची गोळी दिली, तर दोघेही आपापल्या भाषेत बरोबर आणि रोगी मात्र हैराण. डॉक्टरांनी ‘गोळी खाली पेट घ्या’ असे हिंदी मिसळून सांगितले, तर मराठी आजीबाईंना ‘खाली’ म्हणजे कुठे, हा प्रश्न पडतोच. अर्थ असतो उपाशीपोटी.

इंग्रजी-मराठीतही तेच. ‘हायपरटेन्शन’ या शब्दात टेन्शन दिसते, म्हणून कित्येकांना वाटते की हा फार काळजी करण्याचा आजार आहे. ‘डॉक्टर, आता मुलीचे लग्न झाले, टेन्शन संपले, गोळी बंद करू ना?’ असा प्रश्न मला नेहमी येतो. वाचकहो, हायपरटेन्शन म्हणजे रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब. मन शांत असलेल्या माणसालाही तो असतो. काळजी संपली म्हणून गोळी बंद करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका तसाच राहतो. दुसरा शब्द ‘पॉझिटिव्ह’. व्यवहारात पॉझिटिव्ह म्हणजे चांगले. तपासणीच्या अहवालात पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होतो ते सापडले, आणि ते बहुधा चांगले नसते. क्षयरोगाची थुंकी तपासणी पॉझिटिव्ह आली आणि घरच्यांनी ‘रिपोर्ट चांगला आला’ असे समजून उपचार लांबवले, तर रोग घरभर पसरेल.

या वयात शिकून डोक्याला फायदा?

आता मुख्याध्यापकांच्या प्रश्नाकडे वळू. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यांना दिसले. विशेष म्हणजे निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला, म्हणजे तो केवळ शाळेच्या शिक्षणाचा परिणाम नव्हता.

पण यावरून ‘स्पॅनिश शिका, विस्मरण टाळा’ अशी जाहिरात कोणी केली तर विश्वास ठेवू नका. ते लोक आयुष्यभर दोन भाषांत वावरलेले होते. साठीनंतर सुरू केलेल्या वर्गाचा तेवढाच लाभ होतो, असे या अभ्यासातून सिद्ध होत नाही. सर्व अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. मेंदूचे रक्षण करायचे तर रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, रोज चालणे आणि कमी ऐकू येत असल्यास वेळेवर श्रवणयंत्र लावणे, हे आधी करावे. त्याच्या जोडीला नवी भाषा शिकली तर मन गुंतते, माणसांत मिसळता येते, नातवंडांशी बोलायला विषय मिळतो. एवढा फायदा पुरेसा नाही का?

आणि डोक्यात शिरेल का? शिरेल. वाढत्या वयात नवे सुटे शब्द लक्षात ठेवणे जड जाते, पण जुन्या ओळखीच्या शब्दाला नवा शब्द बांधला तर तो टिकतो. म्हणूनच साम्याची ही वाट ज्येष्ठांना विशेष सोयीची आहे.

अभ्यासाची रीत

हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले पहिल्या एक-दोन दिवसांतच झपाट्याने विसरते आणि ठराविक अंतराने उजळणी केली की टिकते. त्यावर आधारलेली साधी रीत अशी :

- शंभर पानी वही घ्या. पानावर तीन रकाने आखा : स्पॅनिश शब्द देवनागरीत, ओळखीचा इंग्रजी शब्द, आणि मराठी अर्थ. तिसरा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. मराठी अर्थ कोशात पाहून लिहिला, की खोटा मित्र तिथेच पकडला जातो.
- रोज दहाच शब्द. त्याहून अधिक नको.
- दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी उजळणी.
- नुसते वाचू नका. अर्थाचा रकाना हाताने झाकून आठवा, मग पाहा. आठवण्याचे श्रम घेतले की स्मरण पक्के होते.
- शब्द मोठ्याने म्हणा. एकट्याला लाज वाटत असेल तर नातवाला शिष्य करा.
- खोट्या मित्रांसाठी लाल शाई वापरा.
- झोप मोडून अभ्यास करू नका. दिवसभराचे शिकलेले झोपेतच मुरते.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. एक, आपले आजार, औषधांची मूळ रासायनिक नावे, मात्रा आणि ॲलर्जी यांचा कागद आपल्या डॉक्टरांकडून टंकलिखित करून घ्या. कंपनीची नावे देशोदेशी बदलतात, मूळ नावे बहुतेक ठिकाणी ओळखली जातात. दोन, औषध ‘एकदा’ किंवा ‘दोनदा’ असे शब्दांत न लिहिता आकड्यांत आणि वेळेसह लिहून घ्या : सकाळी ८ वाजता १ गोळी. आकडा सगळ्या भाषांत सारखाच वाचला जातो. तीन, अमेरिकेतील रुग्णालयात गेल्यास दुभाष्या मागा. सरकारी मदत घेणाऱ्या रुग्णालयांनी तो विनामूल्य द्यावा, असा तिथला नियम आहे, आणि मराठी दुभाष्या फोनवरूनही मिळू शकतो. लहान नातवाला दुभाष्या करू नका. आजोबांच्या लघवीच्या तक्रारी त्याने सांगाव्यात हे बरे नव्हे आणि त्याला त्या नीट सांगता येणारही नाहीत. चार, निदानाचा मोठा शब्द सांगण्याआधी काय होते ते सांगा. ‘मला अमुक झाले आहे’ यापेक्षा ‘काल रात्री ९ वाजल्यापासून डोके दुखते, दोन उलट्या झाल्या, उजवा हात जड वाटतो’ हे कोणत्याही भाषेत नेमके पोहोचते.

आणि डॉक्टरांनी सांगून झाले की त्यांनाच म्हणा, ‘मला जे समजले ते मी परत सांगतो, बरोबर आहे का पाहा.’ यात दोन मिनिटे जातात, पण चूक तिथेच सापडते. हे मेक्सिकोत करा, टेक्सासात करा आणि आपल्या गावच्या दवाखान्यातही करा. कोणताही चांगला डॉक्टर याने रागावणार नाही.